टाके मोजून कलम ठरत नाही

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

मारहाणीची बातमी नागपूरच्या शहर पानावर रोज असते. धुळवड, मारबत, संक्रांत, विसर्जन यांच्या दुसऱ्या दिवशी तर एकाच अंकात तीन-चार सापडतात. त्यांची भाषा ठरलेली आहे: 'गंभीर जखमी', 'किरकोळ मारहाण', 'प्राणघातक हल्ला', आणि शेवटी 'पोलिसांनी साधे कलम लावून आरोपीला सोडले'. बोलताना हे शब्द चालतात. कायद्यात मात्र त्यांचे अर्थ निराळे आहेत, आणि या गल्लतीचा भुर्दंड ज्याने मार खाल्ला त्यालाच बसतो. डोक्याला आठ टाके पडले की घरच्यांना वाटते, आता आरोपी सुटत नाही. टाक्यांचा आकडा कायद्याने कुठेच विचारलेला नाही. कलम कशावर ठरते आणि ते ठरवणारा कागद पहिल्या दोन दिवसांत कसा बिघडतो, हे वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र.

आधी एक दुरुस्ती. आजही बातम्यांत ३२३, ३२४, ३२६ हे जुन्या दंडसंहितेचे आकडे येतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे त्या दिवसापासूनच्या घटनेला नवे कलम लागते. त्याआधीच्या घटनेला मात्र जुनी दंडसंहिताच लागते, खटला आज उभा राहिला तरीही. म्हणून सिव्हिल लाइन्सच्या न्यायालयात सध्या दोन्ही पुस्तके उघडी असतात आणि पुढची काही वर्षे ती तशीच राहतील. बातमीदाराने घटनेची तारीख पाहिली की कोणते पुस्तक उघडायचे ते आपोआप कळते.

नव्या संहितेत कलम ११४ दुखापतीची व्याख्या देते: शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता आणणे. रक्त यायलाच हवे असे नाही; कानाखाली मारणेही दुखापत आहे. कलम ११५(२) प्रमाणे तिला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र (न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असा) आणि जामीनपात्र आहे.

जबर दुखापत म्हणजे काय, ते कलम ११६ मध्ये आहे. तिचे आठच प्रकार आहेत. पुरुषत्व नष्ट करणे. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे. एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे. अवयव किंवा सांधा गमावणे. अवयवाची किंवा सांध्याची शक्ती नष्ट होणे अथवा कायमची कमी होणे. डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे. हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे. आणि आठवा प्रकार, जिवाला धोका निर्माण करणारी दुखापत, किंवा जिच्यामुळे माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहतो वा नेहमीचे व्यवहार करू शकत नाही अशी. जुन्या कायद्यात हे दिवस वीस होते. या आठांत बसली नाही तर जखम पाहायला कितीही भयंकर असो, कायद्याच्या लेखी ती साधीच. मांडीवर हातभर लांबीची उथळ जखम, वीस टाके, सगळे कपडे रक्ताने माखलेले: साधी. करंगळीच्या हाडाला केसाएवढी चीर, बाहेरून फक्त थोडी सूज: जबर. सर्वोच्च न्यायालयाने होरीलाल खटल्यात स्पष्ट केले आहे की हाड आरपार तुटण्याची किंवा जागचे सरकण्याची गरज नाही, भेग पडली तरी तो अस्थिभंगच.

कलम ११७(२) प्रमाणे जबर दुखापतीला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. गुन्हा दखलपात्र, पण जामीनपात्र. म्हणजे लाथाबुक्क्यांनी कोणाचा पाय मोडला तरी जामीन हा आरोपीचा हक्क आहे, तो पोलिसांना द्यावाच लागतो. याउलट कलम ११८(१): चाकू, कोयता किंवा ज्याने मृत्यू ओढवू शकेल अशा हत्याराने केलेली साधी दुखापत. शिक्षा तीनच वर्षांपर्यंत, किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण गुन्हा अजामीनपात्र. चाकूचा एक ओरखडा अजामीनपात्र आणि मोडलेला पाय जामीनपात्र, हे लोकांच्या गळी उतरत नाही, आणि 'पोलीस मॅनेज झाले' ही ओळ तिथूनच जन्माला येते. कायद्याने इथे जखमेपेक्षा हातातल्या वस्तूला जास्त वजन दिले आहे. ते बरोबर आहे का, यावर वाद जरूर व्हावा, पण ठाण्यातल्या अंमलदाराला त्यासाठी दोष देऊन उपयोग नाही. हत्याराने जबर दुखापत केली तर कलम ११८(२): कमीत कमी एक वर्ष, पुढे दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. नव्या कायद्याने दोन तरतुदी आणखी घातल्या आहेत. दुखापतीने माणूस कायमचा अपंग झाला किंवा कायम बेशुद्धावस्थेत गेला तर ११७(३), कमीत कमी दहा वर्षे सक्तमजुरी. आणि पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून जबर दुखापत केली तर ११७(४).

हत्यार कशाला म्हणायचे, हाही वादाचा मुद्दा. भोसकायचे, कापायचे किंवा गोळी झाडायचे साधन असेल तर प्रश्न नाही. आग, तापलेली वस्तू, विष, दाहक पदार्थ आणि प्राणीही त्या यादीत आहेत. अंगावर कुत्रा सोडणारा याच कलमात येतो. काठी, वीट, कडे, पट्ट्याचे बक्कल, दगड यांचे मात्र प्रत्येक खटल्यात वेगळे मोजमाप होते: वजन किती, लांबी किती, वार कुठे, जोर किती. मथाई खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दगडाबाबत हाच निकष लावला. माणसाचे दात हे हत्यार नाही, हे २००४ च्या शकील अहमद निकालात ठरले आहे. म्हणून फिर्यादीत नुसते 'काठीने मारले' लिहून भागत नाही. काठी बांबूची की सागाची, अंदाजे किती फूट, टोकाला लोखंडी साम होती का, हे त्याच वेळी जबाबात यायला हवे. तीन महिन्यांनी पुरवणी जबाबात आलेली लोखंडी साम उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत गळून पडते.

'प्राणघातक हल्ला' या शब्दाबद्दलही सांगायचे आहे. खुनाच्या प्रयत्नाचे कलम १०९ लागायला जखम जीवघेणी असलीच पाहिजे असे नाही. जीव घेण्याचा हेतू किंवा तशी जाणीव दिसली पाहिजे. महाराष्ट्र शासन विरुद्ध बलराम बामा पाटील या १९८३ च्या निकालापासून हे पक्के आहे. वार किती झाले, छातीवर की दंडावर, थांबवले कोणी, तोंडातून काय निघाले, यावर ते ठरते. मथळ्यातला 'प्राणघातक' दोषारोपपत्रात बऱ्याचदा ११८(२) होऊन येतो, आणि वाचकाला वाटते केस दाबली.

आता मुख्य गोष्ट. कलम ठरवणारा कागद ठाण्यात तयार होत नाही, तो कॅज्युअल्टीत तयार होतो. ठाण्यातून मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी डॉक्टरला द्यायचे पत्र, घेऊन शिपाई जखमीला मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात नेतो, ड्युटीवरचा डॉक्टर एमएलसी (पोलीस प्रकरणाची वैद्यकीय नोंद) नोंदवतो आणि त्यावरून जखमेचे प्रमाणपत्र बनते. त्यात तपासणीची तारीख आणि वेळ, सोबतच्या शिपायाचा बक्कल नंबर, शरीरावरच्या दोन ओळखखुणा, जखमीने सांगितलेली हकीकत, मग एकेक जखम: प्रकार, लांबी-रुंदी-खोली सेंटिमीटरमध्ये, नेमकी जागा, अंदाजे किती वेळापूर्वीची, कशा हत्याराने, साधी की जबर. यातली एक जागा रिकामी राहिली की खटल्याला तिथेच भोक पडते.

यादी हातात नसली तरी जखमीने थेट रुग्णालय गाठावे. आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा निकालात १९८९ मध्येच सांगितले आहे, आणि ते सरकारी-खासगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. इथे बहुतेक वेळा होणारी चूक अशी: रात्रीची वेळ असते, म्हणून वस्तीतल्याच दवाखान्यात टाके घालून घेतात, आणि पोलिसांचे लफडे नको म्हणून 'बाथरूममध्ये घसरलो' असे सांगतात. डॉक्टर तेच लिहितो. दुसऱ्या दिवशी मन बदलते, फिर्याद होते, आणि बचाव पक्षाच्या हातात जखमीचेच शब्द असलेला केसपेपर येतो. दुसरे, टाके घातल्यावर जखमेची खोली आणि कडा कायमच्या झाकल्या जातात. म्हणून टाक्यांपूर्वी शेजारी छोटी मोजपट्टी ठेवून दोन फोटो काढावेत, एक जवळून आणि एक शरीराचा भाग ओळखू येईल असा. एका मिनिटाचे काम आहे, आणि त्यासाठी उपचार लांबवायची गरज नाही.

डोक्याची जखम सगळ्यांत फसवी. तिथली कातडी हाडावर ताणून बसवल्यासारखी असते. तिच्यावर बोथट काठी बसली तरी ब्लेडने चिरल्यासारखी सरळ फट पडते, आणि गर्दीच्या रात्री 'कापलेली जखम, धारदार हत्यार' असे लिहून जाते. भिंग धरून पाहिले की फरक दिसतो. काठीच्या जखमेत कडा चेचलेल्या असतात, केसांची मुळे चिरडलेली असतात आणि तळाशी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पेशींचे बारीक धागे शिल्लक राहिलेले असतात. चाकूच्या जखमेत ते धागे नसतात, केसही सरळ कापलेले असतात. फिर्यादीत लाठी आणि प्रमाणपत्रात धारदार हत्यार, एवढ्या एका विसंगतीवर आरोपी निर्दोष सुटतो. जखमी खरे बोलत होता आणि डॉक्टरनेही खोटे लिहिले नव्हते. भिंग तेवढे हातात घेतले गेले नाही.

मुक्या माराचे उलटे आहे. लाठी किंवा गुळगुळीत रॉड पाठीवर, मांडीवर जोरात बसला की कातडीवर दोन समांतर लाल रेघा उठतात आणि मधली पट्टी फिकी राहते. दाबाने मधले रक्त दोन्ही बाजूंना ढकलले जाते आणि कडांवरच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. रेघांमधले अंतर साधारण काठीच्या जाडीइतके असते. इतकी बोलकी खूण दुसरी नाही, पण प्रमाणपत्रात 'पाठीवर मुका मार' एवढेच लिहिले तर तिचा उपयोग शून्य. खोल मार कधीकधी पहिल्या दिवशी दिसतच नाही, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी वर येतो. कपाळावर बसलेला फटका दुसऱ्या दिवशी डोळ्याखाली काळा होऊन उतरतो. म्हणून पहिल्या तपासणीत 'बाह्य जखम नाही' असे आले तरी दुखत असेल तर दोन दिवसांनी त्याच रुग्णालयात, त्याच एमएलसी क्रमांकावर, पुन्हा तपासून घ्यावे. रंगही बदलत जातो: आधी लाल, मग दोन-तीन दिवस निळा-जांभळा, चौथ्या दिवसाच्या सुमारास तपकिरी, पाचव्या-सहाव्याला हिरवट, आठवड्यानंतर पिवळट, आणि साधारण दोन आठवड्यांत काहीच नाही. वय, कातडीचा रंग आणि जागा यांप्रमाणे यात पुढे-मागे होते. पण परवाच्या भांडणाची फिर्याद आणि अंगावर पिवळे डाग, हे जुळत नाही, आणि न्यायालयाला ते कळते.

एक्स-रेचे टिपण स्वतंत्र करावे लागेल इतक्या केसेस तिथे बिघडतात. नाकावर ठोसा बसला की सूज येते आणि 'साधी' लिहून माणूस घरी जातो. नाकाचे हाड मोडले असेल तर ती जबर दुखापत आहे, आणि ते बाजूने घेतलेल्या एक्स-रेत किंवा सीटी स्कॅनमध्येच दिसते. दात 'हलतो' म्हणजे कलम ११६ नव्हे. तो मोडला किंवा जागचा निखळला पाहिजे. हिरड्या आधीच खराब असल्या तर बचाव पक्ष तेच विचारतो, म्हणून दंतवैद्याची तपासणी आणि त्या दाताचा एक्स-रे त्याच आठवड्यात हवा. कानाखाली बसून पडदा फाटला तर लगेच 'श्रवणशक्ती कायमची गेली' असे कोणी लिहू शकत नाही. फाटलेला पडदा बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांत भरून येतो. अशा वेळी डॉक्टर मत राखून ठेवतात आणि नंतर ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करून देतात. ते राखून ठेवलेले मत आणायला कोणी परत जातच नाही. तपास अधिकाऱ्याची बदली होते, जखमीला वाटते पोलीस करतील, आणि दोषारोपपत्र ११५(२) वर निघते.

हीच गत पंधरा दिवसांच्या प्रकाराची. पंधरा दिवस रुग्णालयात खाटेवर असणे एवढ्याने तो सिद्ध होत नाही. तीव्र वेदना होती किंवा रोजचे काम जमत नव्हते, हे दाखवावे लागते. हमाल पोते उचलू शकत होता का, शिवणकाम करणारी बाई मशीन चालवू शकत होती का. त्यासाठी घटनेनंतर सातव्या आणि पंधराव्या-सोळाव्या दिवशी ओपीडीत जाऊन केसपेपरवर 'हात खांद्याच्या वर जात नाही, कामावर जाऊ शकत नाही' अशी नेमकी नोंद करून घ्यावी. कळमन्याच्या बाजारात काम करणाऱ्याने मुकादमाची हजेरी, हिंगण्याच्या कारखान्यातल्याने रजेची नोंद जपावी. जुनी वीस दिवसांची सवय अजून अनेकांच्या हातात आहे; नव्या घटनेत पंधराच मोजायचे.

यानंतर एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. ठाण्यात गेल्यावर जखम साधी दिसली तर अंमलदार अदखलपात्र नोंद करतो, पावती देतो आणि 'न्यायालयात जा' असे सांगतो. कायद्याने त्याला तेच करायला सांगितले आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७४(२) प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलीस करूच शकत नाहीत. लोक मात्र ती पावती म्हणजे गुन्हा दाखल झाला असे समजून वर्षभर वाट पाहतात. दुसऱ्या दिवशी एक्स-रेत हाड मोडलेले निघाले तर तो अहवाल अर्जासोबत ठाण्यात द्यावा, कलम ११७(२) प्रमाणे गुन्हा नोंदवावा अशी मागणी लेखी करावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच मिळत नसेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवावे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद करणे बंधनकारक आहे, हे २०१३ च्या ललिता कुमारी निकालाने पक्के केले. तरी झाले नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांकडे, शहरात पोलीस उपायुक्तांकडे, अर्ज. आणि त्यानंतर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे, शपथपत्रासह. शपथपत्र नाही किंवा वरिष्ठांकडचा टप्पा गाळला, की अर्ज तिथेच अडतो.

इथे एक बारकावा आहे. तीन वर्षे किंवा जास्त पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा १७३(३) ने दिली आहे. ११८(१) त्यात बसते. ११७(२) ला सात वर्षे असल्याने ते बसत नाही. चाकूच्या जखमेत चौदा दिवस चौकशी चालली तर मधल्या काळात अंगावरच्या खुणा निघून जातात. चौकशी चालू असो वा नसो, वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी मागून घ्यावी. घटना कामठीची आणि जखमी नागपुरात दाखल असेल तरी हद्दीचे कारण चालत नाही. कोणत्याही ठाण्याला माहिती नोंदवून पुढे पाठवावी लागते, आणि नोंदीची प्रत फुकट मिळते. जखमी अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल आणि मारणारा तसा नसेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(२)(व्हीए) तपासलेच पाहिजे. साधी दुखापतही त्या अनुसूचीत आहे, आणि तिथे नुसत्या एन.सी.वर थांबता येत नाही.

शेजाऱ्यांच्या भांडणात, विशेषतः पार्किंग आणि नळाच्या पाण्यावरून झालेल्या, दोन्ही बाजूंच्या फिर्यादी येतात. पोलीस एक खरी धरून दुसरी बाजूला टाकतात आणि तिथेच घोळ होतो. आरोपीच्या अंगावर त्याच वेळच्या जखमा असतील आणि सरकारी पक्षाने त्यांचा खुलासा केला नाही, तर लक्ष्मी सिंह विरुद्ध बिहार या १९७६ च्या निकालाचा आधार घेऊन बचाव उभा राहतो. म्हणून आरोपीचीही तपासणी करून त्याचेही प्रमाणपत्र जोडणे फिर्यादीच्याच फायद्याचे आहे. दोन्ही खटले एकाच न्यायाधीशासमोर, एकामागोमाग चालावेत हा नियम आहे, आणि तशी मागणी सुरुवातीलाच करावी. स्वसंरक्षणाचा हक्क न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण समोरचा पळत सुटल्यावर मागून मारलेला दुसरा वार त्यात बसत नाही.

पुराव्याचे थोडक्यात. रक्ताचे कपडे धुऊ नयेत, आणि ओले असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. कुजून तपासणीला निकामी होतात. सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवून पंचांसमोर द्यावेत. हत्यार जप्त झाले तर ते सीलबंद डॉक्टरकडे पाठवून 'या जखमा याने होऊ शकतात का' असे लेखी मत घ्यायचे असते, आणि ते पत्र अनेक फायलींत नसते. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून दुकानदाराला आणि पोलिसांना त्याच दिवशी लेखी कळवावे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या व्हिडिओपेक्षा ज्या फोनवर तो काढला तो फोन महत्त्वाचा. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्रही लागते.

संक्रांतीच्या सुमारास नागपुरात नायलॉन मांजाने गळे, गाल, बोटे कापतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. तो मांजा उडवून इजा केली तर न्याय संहितेचे कलम १२५: साध्या दुखापतीला सहा महिन्यांपर्यंत, जबर असेल तर तीन वर्षांपर्यंत. उडवणारा बहुधा सापडत नाही, कारण मदतीला आलेले लोक पहिल्यांदा मांजा ओढून नालीत फेकतात. तो तुकडा हाच मुद्देमाल आहे. मानेभोवती अडकला असेल तर ओढू नये, दोन्ही बाजूंनी कापावा, आणि पाकिटात ठेवून पोलिसांना द्यावा. रंग, जाडी आणि लेप यांवरून निदान तो नायलॉन होता हे तरी सिद्ध होते.

तडजोडीबद्दल समाजात चुकीची समजूत आहे. ११५(२) जखमी स्वतः मिटवू शकतो. ११७(२) न्यायालयाच्या परवानगीने मिटते. कायद्यातल्या तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या तक्त्यात ११८ नाही. ठाण्यात बसून स्टॅम्पपेपरवर लिहिलेला समझोता तो खटला संपवत नाही. पैसे घेऊन साक्षीत फिरायचे असा जो सल्ला वस्तीत दिला जातो, तो जखमीलाच खोट्या साक्षीच्या गुन्ह्यात अडकवू शकतो.

खटला उभा राहिल्यावर डॉक्टरची बदली झालेली असते आणि तारखांवर तारखा पडतात. त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३६ मध्ये सोय आहे: अहवाल देणारा अधिकारी बदलून गेला, निवृत्त झाला किंवा वारला तर त्या जागेवरचा अधिकारी अहवाल शाबीत करू शकतो, दूरदृश्य माध्यमातूनही. सरकारी वकिलांकडे तसा अर्ज द्यावा म्हणून जखमीने आग्रह धरावा. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणेही आता पोलिसांवर बंधनकारक आहे; ती लेखी मागता येते.

आपल्या दैनिकाकडे विनंती आहे की मारहाणीच्या बातमीत 'गंभीर' या शब्दाऐवजी जखम लिहावी: उजव्या मनगटाचे हाड मोडले, डोक्याला काठीची जखम. कलम लिहिताना ते जामीनपात्र आहे की नाही, तेही कंसात द्यावे. आणि जिथे फक्त एन.सी. झाली आहे तिथे 'गुन्हा दाखल' असे छापू नये, कारण ते वाचून जखमी घरी बसतो आणि मुदत निघून जाते. ही मुदत सगळ्यांत कमी लोकांना माहीत आहे. एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची तक्रार घटनेपासून एक वर्षाच्या आत दाखल झाली असेल तरच न्यायालय त्याची दखल घेऊ शकते, नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४. ११५(२) त्यातच येते. त्यानंतर उशिराचे कारण पटवून द्यावे लागते, आणि 'पोलीस काहीतरी करतील असे वाटले' हे कारण सहसा पटत नाही. ज्यांच्या घरी गेल्या धुळवडीची एन.सी.ची पावती पडून आहे, त्यांनी तिच्यावरची तारीख आजच पाहावी.

कळावे,

आपला,
फौजदारी न्यायालयांत काम करणारा एक वकील,
सिव्हिल लाइन्स, नागपूर